मंगळाचे ते पान सापडत नाही

माझ्या बाबांना कागद टाकवत नाही. मागच्या दिवाळीत साताऱ्याला गेले असता त्यांनी वीजबिलांच्या फायलीतून एक पिवळट पान काढून माझ्या हाती दिले. ऑगस्ट २००३ मध्ये एका मराठी दैनिकाच्या संकेतस्थळावर आलेल्या लेखाची ती छापील प्रत होती. तेव्हा मी आठवीत होते. पोवई नाक्याजवळच्या सायबर कॅफेत दादाबरोबर जाऊन ते पान मी छापून घेतले होते. माझ्या भौतिकशास्त्राची सुरुवात त्या कागदाने झाली असे बाबा सांगतात. मला मात्र आठवते ती तास संपत आल्याची धास्ती.

लेख मंगळाविषयी होता. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला. इतका जवळ तो सुमारे साठ हजार वर्षांत आला नव्हता. लेखकाने नीट समजावले होते की दुर्बिणीतून ७५ पट मोठा करून पाहिल्यास मंगळाचे बिंब नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढे भासेल. हिशेब बरोबर आहे. मंगळाचे बिंब त्या वेळी सुमारे २५ विकलांचे होते आणि चंद्राचे असते सुमारे अठराशे विकलांचे. पण त्याच सुमारास इंग्रजीत एक ई-मेल फिरू लागला. त्यातील वाक्य मध्येच तुटत असे, दुर्बिणीचा भाग निसटे आणि उरे ते एवढेच की मंगळ चंद्राएवढा दिसणार. ही अफवा पुढे अनेक वर्षे ऑगस्ट आला की उगवत राहिली. ई-मेलवरून ती भ्रमणध्वनीवर आली आणि तिथे तिला नवे आयुष्य मिळाले.

ते पान हाती आल्यावर मला एक साधा प्रश्न पडला. ही अफवा मराठीत पहिल्यांदा केव्हा आली, आणि ती आली तेव्हा तिच्याशेजारी खरी माहिती मराठी महाजालावर वाचायला मिळत होती का? विज्ञानप्रसाराच्या दृष्टीने हा प्रश्न किरकोळ नाही. आठवडाभराचे काम आहे असे वाटले होते. येत्या दिवाळीला वर्ष होईल, आणि छापील प्रतीच्या तळाशी ब्राउझरने आपणहून छापलेला पत्ता हाताशी असूनही ते मूळ पान मला कुठेही मिळालेले नाही.

संशोधनाच्या नोकरीनिमित्त मी म्हैसूरजवळच्या येलवाल येथे राहते. मराठी वाचकांपैकी जुन्या पिढीला हे नाव विनोबांमुळे ठाऊक असेल. सप्टेंबर १९५७ मध्ये येथे ग्रामदान परिषद भरली होती. पंडित नेहरू, राजेंद्रप्रसाद आणि निरनिराळ्या पक्षांचे पुढारी विनोबांबरोबर एकत्र बसले होते. त्या परिषदेचा वृत्तान्त आज कुणाला हवा असेल तर तो त्या आठवड्याच्या वृत्तपत्रांत शोधता येतो, आणि ती वृत्तपत्रे जपणे हे कुणाचे तरी कायदेशीर कर्तव्य आहे. ग्रंथांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना देण्याचा कायदा १९५४ मध्ये झाला आणि १९५६ च्या दुरुस्तीने त्यात वृत्तपत्रेही आली. म्हणजे येलवालची परिषद भरण्याच्या एक वर्ष आधी तिच्या बातम्या जपण्याची सोय झाली होती. त्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी एका मराठी दैनिकाने आपल्या संकेतस्थळावर लिहिलेला लेख जपण्याचे कर्तव्य मात्र कुणाचेही नव्हते, आणि आजही नाही.

‘नेट काही विसरत नाही’ हे वाक्य विद्यार्थ्यांच्या तोंडी मी वरचेवर ऐकते. नको ते छायाचित्र टाकू नका, एवढ्यापुरता तो सल्ला ठीक आहे. वस्तुस्थिती म्हणून तो चूक आहे. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२३ मध्ये तपासले तेव्हा २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी मिळेनाशी झाली होती. महाजाल विसरते, आणि भराभर विसरते. जे थोडे लक्षात राहते ते मुख्यतः एका संस्थेमुळे. सॅन फ्रान्सिस्कोतील इंटरनेट अर्काइव्ह ही ना-नफा संस्था ब्रूस्टर काल यांनी १९९६ मध्ये सुरू केली, आणि २००१ मध्ये ‘वेबॅक मशीन’ या नावाने तिचा जालसंग्रह सर्वांसाठी खुला झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये या संग्रहाने एक लाख कोटी पानांचा टप्पा गाठला.

या संग्रहाचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. एक संगणकीय प्रणाली काही ठरलेल्या पत्त्यांपासून निघते, पान उतरवून घेते, त्या पानावरील दुवे टिपते आणि त्या दुव्यांमागे जाते. जे मिळाले ते वेळेसह एका मोठ्या संचिकेत बांधले जाते. शिवाय एक सूची तयार होते, आणि अभ्यासकासाठी खरा खजिना ती सूचीच आहे. तिच्या प्रत्येक ओळीत पानाचा पत्ता, चौदा अंकी कालमुद्रा, मजकुराचा प्रकार, सर्व्हरने दिलेल्या उत्तराचा क्रमांक आणि आशयाचा एक गणिती ठसा असतो. दोन नोंदींचा ठसा सारखा असेल तर पान बदललेले नाही. निराळा असेल तर काहीतरी बदलले. एकही पान न उघडता केवळ सूचीवरून एखादे संकेतस्थळ केव्हा जन्मले, केव्हा वाढले, केव्हा ओसाड पडले याचा आराखडा काढता येतो. डेन्मार्कमध्ये नील्स ब्रुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पद्धतींनी संपूर्ण देशाच्या महाजालाचा इतिहास मांडायला घेतला आहे. तेथे २००५ च्या कायद्याने राष्ट्रीय ग्रंथालयांवर डॅनिश संकेतस्थळे जपण्याची जबाबदारी आली आणि वर्षातून अनेकदा देशातील सगळी संकेतस्थळे उतरवून घेतली जाऊ लागली. ब्रुगर अशा साहित्याला ‘पुनर्जात’ म्हणतात. मूळ पान एकदा जन्मले, संग्रहात ते दुसऱ्यांदा जन्मले, आणि या दुसऱ्या जन्मात ते पहिल्यासारखेच असेल असे नाही.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे कळायला जड नाही. आपण विश्वकिरण मोजतो तेव्हा शोधकाने दिलेला आकडा आकाशातून आलेल्या कणांचा नसतो, शोधकाने पकडलेल्या कणांचा असतो. शोधकाची कार्यक्षमता किती, तो कोणत्या ऊर्जेला आंधळा आहे, एक कण पकडल्यावर किती काळ सुन्न असतो, हे सगळे मोजून दुरुस्ती केल्याशिवाय तो आकडा कुणी निबंधात लिहीत नाही. जालसंग्रह हाही शोधकच आहे. तरी ‘भारतीय इंटरनेटची वाटचाल’ अशा नावाखाली केवळ टिपणांची संख्या वर्षवार मांडून चढता आलेख दाखवणारी सादरीकरणे मी पाहिली आहेत. तो आलेख भारताचा की सॅन फ्रान्सिस्कोतील यंत्रांच्या वाढत्या क्षमतेचा, हे त्यात विचारलेलेही नसते.

या शोधकाचा कल कुठे आहे याची मोजणी नवी नाही. माइक थेलवॉल आणि लिवेन वॉन यांनी २००४ मध्येच दाखवले की इंटरनेट अर्काइव्हमध्ये अमेरिकी संकेतस्थळांचा समावेश चीन, तैवान आणि सिंगापूर येथील संकेतस्थळांपेक्षा जास्त प्रमाणात आहे. मुद्दाम केलेला दुजाभाव त्यांना दिसला नाही. ज्याच्याकडे दुवे जास्त तो आधी सापडतो, आणि अमेरिकी पानांकडे जाणारे दुवे आधीपासूनच जास्त होते. खगोलशास्त्रात याला माल्मक्विस्ट परिणाम म्हणतात: दूरचे तारे मोजताना तेजस्वी तेवढे दिसतात आणि मग दूरचे तारे सरासरीने अधिक तेजस्वी आहेत असा भ्रम होतो. साताऱ्यातील दैनिकाचे विज्ञानाचे पान हा या आकाशातला मंद तारा आहे.

बरे, मोजायचे ते नेमके काय? डेन्मार्कच्या अभ्यासकाला ‘डॉट डीके’ घेतले की देशाचा बराच भाग हाती येतो. आपल्याकडे ‘डॉट इन’ घेऊन बसणारा पहिल्या पावलालाच फसेल. हे नाव भारताला १९८९ मध्ये मिळाले आणि मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, त्याचा कारभार पाहत असे. नोंदणीचे नियम कडक होते. २००५ च्या आरंभी नव्या व्यवस्थेखाली ती सर्वांसाठी खुली झाली, तोवर वृत्तपत्रांनी आणि उद्योगांनी ‘डॉट कॉम’ची वाट धरली होती. लोकसत्ता, सकाळ, महाराष्ट्र टाइम्स, सगळेच डॉट कॉमवर. मराठी महाजालाचे एक फार जुने घर, मायबोली, १९९६ मध्ये उभे राहिले ते अमेरिकेतील मराठी माणसांच्या हातून. त्याला भारतीय महाजालात धरायचे की नाही? मी धरते. माझ्या मते राष्ट्रीय महाजालाची सीमा नावाच्या शेपटावरून न ठरवता भाषेवरून आणि वाचकांवरून ठरवावी. हे काम अवघड आहे, पण सोपे म्हणून चुकीचे मोजण्यात अर्थ नाही.

ज्या देशाचे नावच पुसले गेले त्याचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. युगोस्लाव्हिया फुटल्यानंतर त्याचे ‘डॉट वाययू’ हे नाव २०१० मध्ये जागतिक नावनोंदणीतून काढून टाकण्यात आले. ते जाताच त्याखालील सगळे पत्ते मृत झाले. अनात बेन-डेव्हिड या अभ्यासिकेने विखुरलेल्या याद्यांतून जुने पत्ते गोळा करून संग्रहातून त्या महाजालाची पुनर्रचना केली. त्यांची अडचण मोलाची आहे: जालसंग्रहात पान शोधण्यासाठी आधी त्याचा पत्ता माहीत असावा लागतो, आणि पत्ते तर देशाबरोबरच नाहीसे झाले होते. आपला देश जागेवर आहे. तरी आपल्याकडेही पत्त्यांची एक संपूर्ण पिढी गेली, आणि ती शास्त्रज्ञांचीच होती.

भारतातील महाजाल घरोघरी येण्याआधी अर्नेट या शैक्षणिक जाळ्यावर नांदत होते. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला, आणि विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांना इंटरनेट दिले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. मधल्या काळात आयुका, भारतीय विज्ञान संस्था, चेन्नईची गणितीय विज्ञान संस्था, अहमदाबादची भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळा, या सर्वांचे पत्ते ‘अर्नेट डॉट इन’ने संपत. आज त्यांनी नवी नावे घेतली आहेत. एनसीएसटी तर सी-डॅकमध्ये विलीन होऊन गेली. जुन्या पत्त्यांवरची प्राध्यापकांची पाने, व्याख्यानांच्या टिपा, आज्ञावल्या, विद्यार्थ्यांनी हौसेने बनवलेली ग्रहणांची कोष्टके यांतील काय टिकले हे शोधायचे तर आधी पत्त्यांची यादी हवी.

ती यादी कुठून मिळेल यावर मला एक युक्ती सुचते आणि ती कुणीतरी करून पाहावी. ऑगस्ट १९९१ पासून चालत आलेल्या आर्काइव्ह या भौतिकशास्त्राच्या निबंधसंग्रहात भारतीय शास्त्रज्ञांचे असंख्य निबंध आहेत, आणि नव्वदच्या दशकातील निबंधांच्या पहिल्या पानावर लेखकांचे ई-मेल पत्ते असत. कोणती संस्था केव्हा जाळ्यावर आली, तिच्या यंत्राचे नाव काय होते, तो पत्ता केव्हा बदलला, हे त्या पत्त्यांवरून वर्षवार काढता येईल. या मोजणीचा सॅन फ्रान्सिस्कोतील प्रणालीशी काही संबंध नसल्याने ती स्वतंत्र साक्ष ठरेल. दोन शोधक एकाच वेळी लावले की एकाची कार्यक्षमता दुसऱ्यावरून काढता येते, ही तर प्रयोगशाळेतली नेहमीची पद्धत. अर्थात यातून दिसेल तो भौतिक-गणितवाल्यांचा भारत. रसायनवाले आणि सायबर कॅफेतली आठवीची मुलगी या दोघांनाही त्यात जागा नाही.

संग्रहातील पान पाहतानाही एक सावधगिरी हवी. वेबॅक मशीनवर उघडणारे पान हे पुष्कळदा एका क्षणाचे चित्र नसते. मजकूर मार्चचा, छायाचित्र जुलैचे, मेनू पुढच्या वर्षीचा, असे तुकडे जुळवून ते उभे केलेले असते. शिवाय त्या काळच्या वाचकाने पान असेच पाहिले होते असे मानू नये. विदेश संचार निगमच्या स्वस्त विद्यार्थी खात्यावर फक्त अक्षरे दिसत, चित्रे नाहीत. आज आपण ज्या रंगीत पानाला ‘१९९७ चे महाजाल’ म्हणतो ते त्या वर्षी अनेक भारतीय विद्यार्थ्यांनी रंगीत पाहिलेच नव्हते.

आता मराठीकडे येते, कारण खरी जखम तिथे आहे.

माझा मंगळाचा लेख संग्रहात नाही, पण त्याच संकेतस्थळाचे मुखपृष्ठ पुढेमागे काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा टिपलेले सापडले. मोठ्या उत्साहाने उघडले तर पडद्यावर रोमन अक्षरे, चिन्हे आणि फ्रेंचसारखी डोक्यावर टिंबे असलेली अक्षरे यांची खिचडी. त्या काळी मराठी दैनिके आपापल्या फाँटात लिहीत. इंग्रजी अक्षरांसाठी ठरलेल्या क्रमांकांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, आणि वाचणाऱ्याच्या यंत्रावर तो फाँट असेल किंवा पानाबरोबर उतरवला जाईल तरच ते मराठी दिसे. फाँटाची संचिका संग्रहात आलेली नव्हती. पान जिवंत आहे आणि मुके आहे.

याचा दोष त्या वेळच्या माणसांना देणे मला मान्य नाही. पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी मोठे काम केले होते. ‘इस्की’ हे संकेतन १९९१ मध्ये भारतीय मानक झाले. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. पण सामान्य माणसाच्या संगणकाला युनिकोडातील देवनागरी धड दाखवता येऊ लागली ती विंडोज २००० आणि एक्सपीच्या काळात, आणि जुनी यंत्रे त्यानंतरही पुष्कळ वर्षे चालली. तोवर दैनिकांनी थांबून राहायचे होते का? त्यांनी लिहिले हे चांगलेच केले. चूक झाली ती नंतर. युनिकोडकडे वळताना जुना मजकूर बदलून घेण्याऐवजी तो तिथेच सोडण्यात आला, आणि संकेतस्थळाची पुढची रंगरंगोटी झाली तेव्हा पुसून टाकण्यात आला.

येथून दोन तासांच्या वाटेवर श्रवणबेळगोळ आहे. गोमटेश्वराच्या पायाशी चावुंडरायाने ही मूर्ती करवली असे सांगणारी नागरी लिपीतली मराठी ओळ कोरलेली आहे. शेजारी तोच आशय कन्नड आणि तमिळमध्येही आहे. ती ओळ नेमकी केव्हाची आणि मराठीतली सर्वांत जुनी का, यावर विद्वानांचा वाद आहे, तो त्यांनी घालावा. मी गेल्या पावसाळ्यात तिथे उभी राहून ती अडखळत का होईना वाचली. हजार वर्षांपूर्वीची ओळ वाचता आली. मी आठवीत असतानाचे पान वाचता येत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तेव्हा आपण शिलालेखांचे आणि ताम्रपटांचे पुरावे अभिमानाने मांडले. तसा पुरावा या पंचवीस वर्षांसाठी कुणी मागितला तर?

मुके पान बोलते करता येते, हे मात्र मला त्या पिवळट कागदानेच शिकवले. त्याच्या डाव्या कडेला संकेतस्थळाचा मेनू छापलेला आहे: मुखपृष्ठ, महाराष्ट्र, क्रीडा, संपादकीय, वाचकांची पत्रे. संग्रहातील मुखपृष्ठावर तोच मेनू त्याच क्रमाने आहे, फक्त खिचडीत. प्राचीन इजिप्तची लिपी उलगडताना शाम्पोलियोंने राजांच्या नावांपासून सुरुवात केली. मी ‘महाराष्ट्र’पासून केली. त्यात ‘र’ आणि ‘ा’ दोनदा येतात, त्यामुळे कोणता तुकडा कशाचा हे पटकन ताडता आले. मग मजकुरात पूर्णविरामाच्या आधी वारंवार येणारा एक तुकड्यांचा गट दिसला. मराठी वाक्य कशाने संपते? ‘आहे’ने. तेथून ‘होते’, ‘नाही’, ‘येणार’. काही गोष्टी रडवतात: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते, रफार नंतर, ‘ख’ दोन तुकड्यांत, आणि ‘क्ष’ मात्र अखंड. सरळ अदलाबदल पुरत नाही, क्रमही फिरवावा लागतो. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी जुलै २००३ च्या एका दिवसाची बातमी माझ्यासमोर मराठीत उभी राहिली. ती कोणत्याशा बाजार समितीच्या निवडणुकीची होती, आणि तिचा मला काडीचाही उपयोग नव्हता. मी ती दोनदा वाचली.

हे काम एकटीने करण्याचे नाही. हिंदीभाषक स्वयंसेवकांनी कृतिदेवसारख्या फाँटांसाठी परिवर्तक लिहिले, फायरफॉक्ससाठी ‘पद्म’ नावाची जोडणी होती जी अशी पाने युनिकोडमध्ये करून दाखवी. मराठी दैनिकांच्या एकेका फाँटाचे कोष्टक करायचे म्हटले तर ते भाषाशास्त्र आणि संगणकशास्त्र यांच्या विद्यार्थ्यांच्या जोडीला एका सत्राचा प्रकल्प म्हणून सहज पेलेल. म्हैसुरातच भारतीय भाषा संस्थान आहे, जिथे भारतीय भाषांचे मजकूर-संग्रह तयार होतात. पुण्याला सी-डॅक आहे. ज्यांनी फाँट घडवले ती माणसे निवृत्त झाली असली तरी अजून आपल्यात आहेत. दहा वर्षांनी हे वाक्य असेच लिहिता येईल याची खात्री मला नाही.

राहिला सरकारचा भाग. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात अभिलेखाच्या व्याख्येत संगणकाने निर्माण केलेले साहित्यही येते. म्हणजे केंद्र सरकारच्या खात्यांची संकेतस्थळे हे अभिलेख आहेत असे म्हणायला नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्रानेही २००५ मध्ये स्वतःचा अभिलेख कायदा केला आहे. प्रत्यक्षात काय होते? मंत्रालयाचे संकेतस्थळ नव्याने बांधले जाते, जुन्या अहवालांचे दुवे तुटतात, आणि ‘आशय अभिलेख धोरण’ नावाचे पान मात्र नव्या संकेतस्थळावरही ठळकपणे झळकते. भर म्हणजे सुरक्षेच्या कारणाने अनेक सरकारी संकेतस्थळे आता परदेशातून उघडत नाहीत. आपल्या महाजालाचा जो एकमेव मोठा इतिहासकार, तो परदेशात बसलेला आहे; त्याला आपण दार लावून घेतले आहे आणि घरात दुसरा कुणी नेमलेला नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये तर चित्रपटांच्या चोरीविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयातून मिळालेल्या आदेशांच्या यादीत इंटरनेट अर्काइव्हचाही पत्ता आला आणि भारतातील वाचकांना ते काही काळ बंद झाले. ऑक्टोबर २०२४ मधील सायबर हल्ल्याने ते साऱ्या जगालाच काही दिवस बंद राहिले. एकाच शोधकावर सारे विश्व मोजणे कुणाही प्रयोगकर्त्याला पटणार नाही.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराने सरकारी संकेतस्थळे वर्षातून किमान दोनदा देशातूनच उतरवून घ्यावीत. १९५४ च्या कायद्याला संकेतस्थळांची जोड द्यावी. आणि संशोधन संस्थांनी जुने सर्व्हर भंगारात काढण्यापूर्वी त्यांची एक प्रत ठेवावी. ज्या विभागात मी पीएच.डी. केली तेथील माझ्या गटाचे पान, त्यातील प्रयोगाच्या कच्च्या आकड्यांसह, एका शनिवारी यंत्र बदलताना गेले. कुणी वाईट हेतूने केले नाही. कुणाला विचारावे हेच कुणाला ठाऊक नव्हते. याउलट, करोनाकाळात स्वयंसेवकांनी चालवलेले कोविड१९इंडिया हे संकेतस्थळ ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी थांबले ते आधी तारीख जाहीर करून आणि सगळा विदा खुला ठेवून. हे जमते.

एका बाबतीत माझे मन अजून पक्के नाही. सगळेच जपावे का? वीस वर्षांपूर्वी कुणी सतराव्या वर्षी लिहिलेले प्रेमभंगाचे टिपण राष्ट्रीय संग्रहात असावे, असे त्या व्यक्तीला न विचारता मी म्हणू शकत नाही. डेन्मार्कने आपला संग्रह केवळ संशोधकांना खुला ठेवला आहे. तो मार्ग मला तूर्त बरा वाटतो, जरी त्यामुळे माझ्यासारखी हौशी शोधक बाहेरच राहील. पण दैनिकांचे लेख, सरकारी अहवाल, विज्ञानसंस्थांची पाने यांना ही अडचण लागू नाही. ती लिहिली गेली तेव्हाच सर्वांसाठी होती.

मंगळाच्या अफवेचे उत्तर मला मिळालेले नाही. मिळाले तर येथेच लिहीन. तोवर एक विनंती आहे. १९९६ ते २००८ या काळात कुणी सायबर कॅफेतून मराठी पाने छापून घेतली असतील, महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी, पत्रिकेसाठी, रेल्वेच्या वेळापत्रकासाठी, कशासाठीही, तर ती रद्दीत देऊ नका. पानाच्या तळाचा पत्ता आणि दिनांक दिसेल असे छायाचित्र काढून ठेवा. मेनू दिसत असेल तर फारच उत्तम. कुठल्या तरी मुक्या फाँटाची ती किल्ली असू शकेल. मागची बाजूही टिपा. माझ्या पानामागे दादाच्या अक्षरात पेन्सिलीचा हिशेब आहे: एक तास वीस रुपये, एक पान पाच, परत पंचवीस.